उंबऱ्याशी उभी असलेली मुलगी

सावकाश वाचा. मध्ये थांबलात तरी चालेल, घाई कसलीच नाही.

परभणी जिल्ह्यातलं, सोनपेठ-गंगाखेडकडचं एखादं गाव मनात आणा. काळी जमीन, जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. दिवाळी झाली की इथली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. दाराला कुलूप लागतं. ट्रॉलीत भांडी, गोधड्या आणि त्यांच्यावर बसलेली पोरं. कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं, की ती परततात, तेव्हा उन्हाळा लागलेला असतो.

त्यातली एक मुलगी पाहा. दुसरीतली. वर्ग भरलाय आणि ती उंबऱ्याशी उभी आहे. पोटऱ्यांवर पाचटानं कापल्याचे ओरखडे. आत पाढे चाललेत, आणि वर्ग आपल्या बराच पुढे गेलाय हे तिला नुसत्या आवाजावरून कळतंय. तिच्या मनात या क्षणी काय असेल? तिच्याजवळ थोडं उभे राहा.

आता बाईंकडे वळा. इतके दिवस कुठं होतीस, असं त्या विचारत नाहीत. त्या नाव घेऊन हाक मारतात, "ये गं, बस." बसकरावर तिच्यापुरती जागा आहे. जरा वेळानं म्हणतात, "फडात मोळ्या कशा मोजतात, दाखव बरं सगळ्यांना." मुलगी आधी लाजते. मग बोटांवर दहा-दहा मोळ्या मोजू लागते आणि सगळा वर्ग तिच्या मागून मोजतो. इथं रेंगाळा. बुडालेले महिने बाईंनी तिच्या पदरात शिदोरीसारखे घातले. अध्यापनातलं याहून मोठं कसब मला माहीत नाही.

मुलाच्या जगण्याला शाळेत जागा देण्याची ही वाट जुनी आहे. 1945 साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालवाडीत गरीब वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये काम सुरू झालं. गुरं राखणारी मुलं गुरं सोडून कशी येणार? म्हणून अनुताईंनी कुरणातच शाळा भरवली. त्यांना स्वतःला बालपणीच वैधव्य आलं होतं. दाराबाहेर थांबणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ऊसतोडीच्या दिवसांत मूल गावातच राहावं म्हणून आज हंगामी वसतिगृहं आहेत. योजना चांगली आहे, पण आईचा बाईंवर जीव बसला तरच ती लेकरू मागं ठेवते, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा शेवटी त्या आईकडे पाहा. पुढच्या दिवाळीला ऊसतोडीच्या मुकादमाचा निरोप येईल. लेकीला ट्रॉलीवर बसवायचं की आजीपाशी ठेवायचं, हे तिला ठरवायचंय. बाईंनी काय म्हटलं म्हणजे तिचा जीव थाऱ्यावर राहील? ते बोलणं तिच्या भाषेत, तुमच्या मनात जुळवून पाहा.