गीता १७.२० : योग्य वेळ कुणाची?

आजचा श्लोक सात्त्विक दानाचा. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं. मी ‘वेळी’पाशीच अडलो.

मागच्या वर्षी आमच्या क्लबने टीबीच्या रुग्णांना धान्याचे किट वाटले. बॅनर, फोटो, सगळं झकास. एका ताईंनी विचारलं, “दादा, पुढच्या महिन्यात कधी येऊ?” मी गप्प. टीबीचा साधा कोर्सच ६ महिन्यांचा, आणि आम्ही आमचा एक रविवार बघून मोकळे झालेलो!

यंदा क्लबने ‘निक्षय मित्र’ म्हणून नोंदणी केलीय. रुग्ण मोजकेच घेतले, पण पूर्ण ६ महिने. चौथ्या महिन्यात वर्गणी काढताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू? किट मात्र ५ तारखेला पोचले.