देवमासा आणि मासा

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. मॉन्टेरीच्या उपसागरात, किनाऱ्यापासून किलोमीटरभर आत, मी कयाकमध्ये बसून गळ टाकला होता. कॅलिफोर्नियाच्या या किनाऱ्यावर उन्हाळ्यातल्या सकाळी धुक्यातच जातात. दहाच्या सुमारास धुकं जरा विरळ झालं आणि उपसागरापलीकडच्या मॉस लँडिंगच्या वीजकेंद्राच्या दोन उंच चिमण्या दिसायला लागल्या. तेवढ्यात दोरी ताणली गेली. शंभर-सव्वाशे फूट खोलीवरून मी मासा वर ओढून घेतला. लालभडक व्हर्मिलियन रॉकफिश, दोन-अडीच किलोचा. गळ काढून त्याला दोन पायांच्या मध्ये ठेवलं आणि सुरीसाठी हात मागे नेला.

तेव्हा डावीकडे, साठ-सत्तर मीटरवर, पाण्यातून काहीतरी वर आलं आणि वर येतच राहिलं.

हंपबॅक व्हेल पाण्याबाहेर उडी मारते याचे व्हिडिओ मी कितीतरी पाहिले होते. पण व्हिडिओत तुम्ही पाण्यावर बसलेले नसता. माझी कयाक बारा फुटांची, आणि पूर्ण वाढ झालेली हंपबॅक चाळीस-पंचेचाळीस फुटांची, म्हणजे एसटीच्या गाडीपेक्षा लांब. वजन पंचवीस-तीस टनांच्या घरात. ते सगळं धूड क्षणभर हवेत थांबल्यासारखं वाटलं. पांढुरक्या घळींचा गळा, लांबलचक कल्ला, त्यावर चिकटलेली शंखासारखी पुटं. मग ते आडवं पडलं. आवाज आधी छातीत बसला, कानांत नंतर. लाट आली, कयाक डचमळली, मी वल्हं घट्ट धरलं. व्हेलने दुसरी उडी मारली, मग तिसरी, जरा लांब. मी तोंड उघडं टाकून बघत होतो. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते सगळंच काही समुद्राचं नव्हतं.

सगळं शांत झालं तेव्हा मी खाली पाहिलं. मासा अजून जिवंत होता.

इथे थोडं सांगायला हवं. रॉकफिशच्या पोटात हवेची पिशवी असते. खोल पाण्यातून भराभर वर ओढलं की दाब उतरतो आणि ती फुगते. माशाचे डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडातून बाहेर ढकललं जातं. म्हणून खायला ठेवायचा मासा हातात आल्या आल्या मारायचा: मेंदूत सुरीचं टोक, मग कल्ले कापून रक्त काढायचं. काही सेकंदांचं काम आहे. मी ते दर वेळी करतो. त्या दिवशी मी विसरलो. दहा मिनिटं तो मासा माझ्या पायांमध्ये, डोळे फुगलेले, कल्ले उघडत-मिटत पडला होता, आणि त्याच्या डोक्यावर दोन फुटांवर मी सृष्टीच्या भव्यतेने गहिवरून रडत होतो.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. आई रत्नागिरीची. तिला उड्यांचं वर्णन करून सांगितलं. तिने आपोआप हात जोडले. “देवमासाच तो,” म्हणाली. मग लगेच, “आणि तुला काय मिळालं? केवढा होता?” मी मासा दाखवला. “चांगलाय. तळलास की कालवण?”

आईच्या या दोन वाक्यांत मी अडकून पडलो. आपल्या भाषेत एकाच पाण्यात दोन जाती आहेत. एक देवमासा, एक मासा. एकाला हात जोडायचे, दुसऱ्याला हळद-मीठ लावायचं. व्हेल मासाच नाही, सस्तन प्राणी आहे, हे आपण शाळेत शिकतो. पण शब्दातला देव तिच्या फुप्फुसांमुळे आला नसावा. आकारामुळे आला असावा. मी रडलो तोही आकारामुळेच.

यावर सरळ उत्तर असं की फरक खरा आहे. हंपबॅक हुशार आहेत, नर लांबलचक गाणी गातात, ही गाणी एका कळपाकडून दुसऱ्याकडे जातात. शिवाय माणसाने त्यांना जवळजवळ संपवलं होतं, म्हणून त्यांना जपायला हवं. हे सगळं बरोबर आहे. पण त्या सकाळी मी यातलं काहीच मनात आणलं नव्हतं. आणि जाती वाचवण्याचा प्रश्न वेगळा, एका जिवाला होणाऱ्या वेदनेचा वेगळा.

माशाला वेदना होते का? २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसिटिक ॲसिड टोचून पाहिलं. ते मासे डोलायला लागले, काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले, बराच वेळ अन्नाला शिवले नाहीत. याला आपल्यासारखी वेदना म्हणायचं का, यावर अजून वाद आहे. पण ‘माशाला काही कळत नाही’ असं बिनधास्त म्हणायची सोय आता उरलेली नाही.

आणखी एक गोष्ट मला नंतर टोचत राहिली. माशांच्या कानातल्या हाडावर झाडाच्या खोडासारखी वर्षागणिक वलयं पडतात. त्यांवरून वय मोजतात. व्हर्मिलियन काही दशकं जगू शकतो. त्याच्याच कुळातला यलोआय रॉकफिश तर शंभराहून जास्त वर्षं जगतो. म्हणजे त्या सकाळी माझ्यासमोरच्या दोन जिवांपैकी वयाने मोठा कोण होता, हे मी सांगू शकत नाही. हवेत उडालेली व्हेल कदाचित पायाशी पडलेल्या माशाहून लहान असेल.

मग त्या चिमण्या आठवल्या. त्या उभ्या आहेत त्या मॉस लँडिंगला १९१९ पासून काही वर्षं व्हेल कापण्याचा कारखाना होता. याच उपसागरातल्या हंपबॅक ओढून आणायच्या, चरबी उकळून तेल काढायचं, बाकीचं कोंबड्यांचं खाद्य आणि खत. तिथे काम करणारी माणसं काही राक्षस नव्हती. त्यांच्या लेखी तो मासाच होता, फक्त मोठा. हंपबॅकच्या व्यापारी शिकारीवर जागतिक बंदी यायला १९६६ साल उजाडलं. आज त्याच गावातून पर्यटकांच्या बोटी सुटतात आणि शेपटी दिसली तरी लोक टाळ्या वाजवतात. म्हणजे देव आणि मासा यांच्यातली रेघ निसर्गाने आखलेली नाही. ती आपणच आखली आणि शंभर वर्षांच्या आत सरकवलीही.

तर मग मासेमारी सोडायची का? माझ्या एका शाकाहारी मित्राच्या मते प्रश्न इथेच सुटतो. त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण मी सोडलेली नाही, आणि त्यासाठी काही थोर कारण आहे असा आवही आणणार नाही. मला मासे आवडतात. त्या दिवशी मला जे कळलं ते याहून लहान आहे.

भारावून जाण्याला आपण नैतिक गोष्ट समजतो. व्हेल पाहून डोळे भरून आले म्हणजे आपण संवेदनशील. पण त्या व्हेलला माझ्याकडून काय हवं होतं? काहीच नाही. फार तर मी लांब राहावं. शंभर यार्ड अंतर ठेवा, अशी इथली सूचना असते. २०१५ मध्ये याच उपसागरात टॉम मस्टिल हा ब्रिटिश चित्रपटकार आणि त्याची मैत्रीण बसलेल्या कयाकवर एक हंपबॅक येऊन पडली होती. दोघं वाचले हे नशीब. व्हेल आपल्यासाठी उडी मारत नाही. ती अँकोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीच्या भावकीतले मासे, खायला किनाऱ्याजवळ आलेली असते. मीही माशांसाठीच गेलो होतो. आम्ही दोघं एकाच बाजारात आलेली गिऱ्हाइकं होतो.

माशाला मात्र माझ्याकडून एक गोष्ट हवी होती: सुरी, लगेच. त्याला तिथवर मीच ओढून आणलं होतं. ज्याचं काही देणं लागत नव्हतो त्याला मी अश्रू दिले आणि ज्याचं देणं होतं त्याचे काही सेकंद मला आठवले नाहीत.

व्हेलच्या बाबतीतही खरं देणं बहुतेक वेळा नजरेआड असतं. इथल्या डंजनेस खेकड्यांच्या सापळ्यांच्या दोऱ्यांत हंपबॅक अडकतात. २०१४ ते २०१६ च्या काळात समुद्र तापला, अँकोव्ही किनाऱ्याकडे आले, मागोमाग व्हेल आल्या आणि अडकण्याचे प्रकार खूप वाढले. आता व्हेल जवळ असतील तर खेकड्यांचा हंगाम उशिरा सुरू करतात किंवा लवकर संपवतात. त्याचा फटका खेकडे पकडणाऱ्यांच्या पोटाला बसतो. बोटीतून टाळ्या वाजवणारे आणि संध्याकाळी खेकडा मागवणारे पुष्कळदा तेच लोक असतात. मीही त्यांत होतो.

“आपल्याकडे नसतात ना असले?” आईने फोन ठेवताना विचारलं. असतात. अरबी समुद्रातल्या हंपबॅक तर जगातल्या इतर हंपबॅकसारख्या ध्रुवाकडे जातही नाहीत, बारा महिने याच समुद्रात राहतात. ओमानजवळ शंभराच्या आतच उरल्या असाव्यात असा अंदाज आहे. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे ‘लुबान’ नावाच्या एका मादीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं. ती समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याला आली आणि पार दक्षिण टोकापर्यंत गेली. या व्हेलना मोठा धोका आहे तो मासेमारीच्या जाळ्यांचा. आई हात जोडते तो देव आपल्याच जाळ्यांच्या वाटेवरून जातो.

इथे एका दिवसात दहा रॉकफिश नेण्याची परवानगी आहे. पूर्वी मी दहा पुरे केल्याशिवाय परतत नसे. आता दोन किंवा तीन, घरात खाल्ले जातील तेवढेच. सुरी मागे ठेवत नाही, मांडीशेजारी दोरीने बांधून ठेवतो.

पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा व्हेल उडाली. लांब होती. माझ्या हातात तेव्हा मासा होता. आवाज ऐकला, पण आधी हातातलं काम पुरं केलं. मान वर केली तेव्हा पाण्यावर फक्त फेस उरला होता.