पदवीच्या कागदावर कलेचं नाव

भालकी तालुक्यातल्या खटकचिंचोळीसारख्या गावात मूल गाऊ लागतं ते सप्ताहात. टाळकऱ्यांच्या रांगेत हरिपाठ पाठ होतो, मृदंगाचा ठेका अंगात भिनतो, आणि शेजारच्या ओसरीवरून बसवण्णांची वचनं कानावर पडत राहतात. मराठी अभंग आणि कन्नड वचन एकाच गळ्यात घेऊन वाढलेल्या अशा मुलामुलीपुढे बारावीनंतर प्रश्न येतो: गाणंच करायचं, तर पदवी कोणत्या नावाची घ्यायची? बी.ए., बी.म्युझ., बी.पी.ए., की नुसतं विशारद व्हायचं? घरचे म्हणतात, नावाचं काय घेऊन बसलास, नोकरी मिळेल ती घे. मला मात्र हा प्रश्न मोलाचा वाटतो. आयुष्यभर जे करायचं, ते त्या कागदावर दिसणार की झाकलं जाणार, हे तिथेच ठरतं.

या सीमाभागात गवयाला पदवी देणारे पूर्वी श्रोतेच होते. धारवाडकडच्या कुंदगोळचे रामभाऊ 'सवाई गंधर्व' झाले. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी पोरवयातच 'कुमार गंधर्व' झाला. त्याची पदवी आधी आली आणि रीतसर शिक्षण नंतर, मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे. पुढे क्षयाने कित्येक वर्षं गाणं बंद पडलं, देवासच्या मुक्कामात ते पुन्हा नव्याने उभं राहिलं, आणि लहानपणी मिळालेलं ते नाव त्यांनी स्वतःच्या गायकीने खरं करून दाखवलं. अशा पदवीचा दाखला कुणी मागत नसे, कारण मैफल समोरच असे. पण मैफलीबाहेर तिला किंमतही नसे. बँकेत, कचेरीत, शाळेच्या भरतीत गवई हा अशिक्षितच धरला जाई.

ही उणीव विष्णु दिगंबर पलुस्करांनी ओळखली. कुरुंदवाडला जन्मलेल्या आणि मिरजेत बाळकृष्णबुवांपाशी शिकलेल्या या माणसाने १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ते गेले त्याच १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही नावं त्या परंपरेने घराघरांत नेली. त्यांच्यात मला एक शहाणपण दिसतं. शिकणारा कुठवर पोचला आहे, हे ती प्रामाणिकपणे सांगतात. मध्यमा झालेल्याला कुणी उस्ताद समजत नाही, आणि त्यात त्याचा अपमानही नाही. शिक्षण कुठे संपलं याच्याइतकंच ते कुठे चालू आहे हेही पदवीने सांगावं, ही अपेक्षा विद्यापीठांकडून अजून पुरी झालेली नाही.

१९५६ या एका वर्षात इथल्या माणसाच्या नशिबात दोन रेषा ओढल्या गेल्या. भाषावार प्रांतरचनेत जुना बिदर जिल्हा फुटला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठी मुलखाकडे गेले. भालकी, हुमनाबाद, बिदर म्हैसूर राज्यात आले. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा झाला. त्याच्या २२व्या कलमाने पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांपुरता आणि कायद्याने तो दिलेल्या संस्थांपुरता राहिला. पदव्यांची नावंही आयोगाने ठरवायची. म्हणून विशारद ही कितीही कष्टाची असली तरी तिला पदवीसमान मानायचं की नाही, हे त्या त्या भरतीचे नियम सांगतात. पालकांनी हे आधी वाचायला हवं. कर्नाटकात ज्युनिअर, सीनिअर, विद्वत अशी परीक्षांची वेगळी वाट आहे. ती धरायची की गांधर्व महाविद्यालय मंडळाची, हेही इथल्या पोरांना ठरवावं लागतं.

राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हैसूरला, संगीत आणि प्रयोगकलांचं विद्यापीठ आहे. त्याला नाव आहे गंगूबाई हनगलांचं. गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात आणि सवाई गंधर्वांसमोर बसून एकेक सूर घोटून घेत. शाळा प्राथमिक इयत्तांतच सुटलेली. त्यांना मानद डॉक्टरेट मिळाल्या, आणि आज त्यांच्या नावाने पदव्या वाटल्या जातात. यावरून काही जण म्हणतात, पदवी निरुपयोगी. मला ते पटत नाही. गंगूबाईंना कुंदगोळ मिळालं; प्रत्येक गावाजवळ कुंदगोळ नसतं. ज्याला गुरूच्या घरी वर्षानुवर्षं बसता येत नाही, त्याला विद्यापीठाचा वर्गच आधार आहे. गायिका प्रभा अत्रे विज्ञान आणि कायद्याच्या पदवीधर होत्या, संगीत अलंकार होत्या, सरगमवर प्रबंध लिहून डॉक्टरही झाल्या. त्यातले विज्ञान आणि कायदा त्यांच्या गाण्याच्या आड आले नाहीत, पण सरगमवरचं चिंतन त्या प्रबंधाशिवाय तितक्या शिस्तीने आपल्यापर्यंत पोचलं नसतं.

मग निवड कशी करायची? माझं मत स्पष्ट आहे. कागदावर कलेचं नाव उमटलं पाहिजे. गायन, तबला, कथक, नाट्य, लोककला, जे असेल ते. बी.पी.ए.मधलं 'परफॉर्मिंग आर्ट्स' हे छत्रासारखं नाव सगळ्यांना सावली देतं, पण खाली कोण उभं आहे ते लांबून दिसत नाही. नुसत्या 'बी.ए.'त तर संगीत हा विषय गुणपत्रिकेच्या एका ओळीत दडून बसतो. उलट बी.ए.मध्ये भाषा आणि इतिहास सोबत घेता येतात, बी.एड.ची वाट मोकळी राहते, आणि गावात शिक्षक होऊन गाणं जपणाऱ्याला ती पदवी सोयीची पडते. रियाजाला जास्त तास हवे असतील तर बी.पी.ए. बरी. गरज पाहावी, पण जिचं नाव चारचौघांत सांगता येईल अशी कला त्यात असावी.

हुमनाबादजवळ माणिकनगरला दत्तजयंतीच्या उत्सवात संगीत दरबार भरतो. तिथल्या संत माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड आणि हिंदी अशी पदं रचली. या तिन्ही भाषांत गाणाऱ्या मुलाला पुरेल असं पदवीचं नाव आज तरी कुठल्याच विद्यापीठाच्या यादीत माझ्या पाहण्यात नाही. अभंग, वचन आणि माणिकप्रभूंची पदं मिळून एक अभ्यासक्रम कलबुर्गीच्या विद्यापीठाने आखावा. तो होईपर्यंत खटकचिंचोळीच्या मुलामुलींनी प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी जुन्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका आणि पदवीपत्र मागून पाहावं, आणि आपल्या कलेचं नाव त्यावर छापलेलं आहे याची खात्री करूनच सही करावी.