छाटणी कोणासाठीं?

झाडाची फांदी तोडणारा मनुष्य बहुधा म्हणतो कीं, हें झाडाच्याच हिताकरितां आहे. मुलास शिक्षा करणारा बाप व मंडळीस शिस्त लावणारा पाळकही हेंच म्हणतात, आणि योहानाच्या पंधराव्या अध्यायांतील द्राक्षवेलाचा दाखला देतात. हें म्हणणें कितपत खरें, याचा विचार आपण अशा एका झाडावरून करूं कीं, ज्याचें फळ आपल्या कांहीं उपयोगाचें नाहीं.

तें झाड म्हणजे लोंबत्या फांद्यांचें वाळुंज. आपल्या नदीकांठच्या वाळुंजाचें भावंडच. लिनीयस या शास्त्रज्ञानें १७५३ सालीं त्यास बाबेलचें नांव दिलें, कारण १३७ व्या स्तोत्रांतील बंदिवानांनीं आपल्या वीणा टांगल्या तीं झाडें हींच, असा समज होता. वस्तुतः हें झाड चीन देशाचें. असो.

द्राक्षाची छाटणी केली नाहीं तर घड चांगला धरत नाहीं, हें नाशिककडील वाचकांस आम्हीं सांगावयास नको. वाळुंजाचें तसें नाहीं. त्याची मेलेली, रोगट किंवा दुसरीस घासणारी फांदी काढली तर त्याचें हित होतें, हें उघड आहे. परंतु जमिनीपर्यंत लोंबलेल्या फांद्या आपण तोडतों त्या आपल्या वाटेकरितां. त्यांत पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. वाटसरूसही हक्क आहे. पण आपल्या सोयीस झाडाचें हित असें नांव दिलें कीं, करवतीस मर्यादा राहत नाहीं. मग शेंडाच उडविला जातो. त्या जागीं पुष्कळ कोंब एकदम फुटतात आणि मनुष्य म्हणतो, पाहा, केवढा जोम आला! तो जोम नव्हे. पानें गेल्यामुळें उपाशी पडलेल्या झाडाची ती धडपड आहे. ते कोंब बुडाशीं कच्चे असतात व वाऱ्यानें मोडतात.

पूर्वीं माळी फांदी खोडाशीं अगदीं सपाट कापीत व जखमेस डांबर फांशीत. काम नीटनेटकें दिसे. अमेरिकेच्या वनखात्यांतील अ‍ॅलेक्स शायगो यांनीं पुष्कळ खोडें चिरून पाहिलीं, आणि १९७७ सालीं दाखविलें कीं, झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाहीं. झाड कुजक्या भागाभोंवतीं जणूं भिंत घालून त्यास कोंडतें, व ती जखम पोटांत ठेवूनच वाढतें. फांदीच्या बुडाशीं जें फुगीर कडें असतें, तेथें ही भिंत उत्तम उठते. सपाट कापणारा नेमकें तेंच काढून टाकतो. वाळुंज तर या कामीं मुळांतच दुबळें. मूल गप्प झालें म्हणजे सुधारलें, असें कित्येक घरांत समजतात; वरून साल आलेली असते, एवढेंच.

जाणता माळी थंडीच्या अखेरीस, पालवी फुटण्यापूर्वीं, काम करितो. कड्याच्या बाहेरून कापतो. एका वर्षांत चौथ्या हिश्शाहून अधिक काढीत नाहीं. वाटेवरच्या फांद्या माणसाच्या डोक्यास लागूं नयेत इतक्याच वर घेतो. आणि पाण्याच्या बाजूस ज्या लोंबतात, ज्यांच्याखालून कोणास जावयाचें नसतें, त्यांस हात लावीत नाहीं.