झिजलेलं आणि झिजवलेलं

इलेक्ट्रिक गिटारच्या नेकची मागची बाजू घासायला तासभर पुरतो. तारा काढायच्या, फ्रेटबोर्डच्या कडांना मास्किंग टेप लावायची, तोंडाला मास्क लावायचा आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ४०० नंबरचा पॉलिशपेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवायचा. मग ६००, मग ८००. आरशासारखी चकाकी जाते, नेक मऊसूत होतो, अंगठा अडखळेनासा होतो. दहा-पंधरा वर्षं कुणीतरी वाजवल्यासारखा स्पर्श एका रविवारी दुपारी मिळतो. हा खोटेपणा आहे का, या प्रश्नाने मात्र माझा तासापेक्षा बराच जास्त वेळ घेतला.

आधी तो स्पर्श काय असतो ते सांगते. पन्नास-साठच्या दशकांतल्या अनेक गिटारांवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर असे. हाताच्या घामाने आणि घर्षणाने तो उडे, आणि खालचं मेपल उघडं पडे. पुढे पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेन आलं. ते कडक, टिकाऊ, प्लास्टिकसारखं. कितीही वाजवा, जागचं हलत नाही. अशा तुळतुळीत पृष्ठभागाला घामेजलेला तळवा चिकटून बसतो. आमच्याकडे जुलैत तर हात नेकवरून सरकवायचा म्हणजे ओल्या फरशीवर पाट ओढण्यासारखं होतं. घासल्यावर बारीक चरे पडतात, कातडी फक्त उंचवट्यांना टेकते आणि हात सुटतो. इतकं साधं आहे ते.

साधं राहत नाही ते यापुढे. १९९५ साली फेंडर कंपनीच्या कस्टम शॉपने ‘रेलिक’ गिटारी बाजारात आणल्या. कारखान्यातून निघतानाच रंग उडालेल्या, धातूचे भाग काळवंडलेल्या, आणि कोऱ्या करकरीत गिटारीपेक्षा महाग. आयरिश वादक रॉरी गॅलाहरने १९६३ साली कॉर्कमधल्या दुकानातून उधारीवर घेतलेली स्ट्रॅटोकास्टर आयुष्यभर वाजवली, तिचा बहुतेक रंग निघून लाकूड दिसायला लागलं. पुढे फेंडरनेच तिची प्रतिकृती काढली, रंग कुठे उडालाय आणि कुठे उरलाय त्यासकट.

मराठीत ‘झिजणं’ हा शब्द नुसता पदार्थविज्ञानाचा नाही. माणसं संस्थेसाठी झिजतात, मुलांसाठी झिजतात, चंदनासारखी झिजतात. झिजण्याला आपण श्रेय देतो, आणि ते श्रेय गेलेल्या वेळाचं असतं. म्हणूनच विकत घेतलेली झीज खटकते, न लढलेल्या लढाईचा व्रण मिरवल्यासारखी. पण हीच भाषा बोलणाऱ्या घरांत पाटा झिजून गुळगुळीत झाला की त्याचं कौतुक कुणी करत नसे. दारावर टाकीवाली आली की तिच्याकडून छिन्नीने तो पुन्हा खडबडीत करून घेत, नाहीतर चटणी वाटली जाणार कशी? तंबोऱ्याच्या घोडीवर तारांनी चरे पाडले की मिरजेचे कारागीर तिचा माथा कानसून पुन्हा जवारी काढतात. तिथे झीज हा दोष, आणि ती घालवणं ही कला. वाजवणाऱ्याच्या हाताला वस्तूचा इतिहास नको असतो, वस्तू कामाला यावी एवढंच हवं असतं. नेकची मागची बाजू मला याच खात्यातली वाटते. ती तशीही कुणाला दिसत नाही.

मी एक कसोटी लावून पाहिली. उद्या ही गिटार विकायची झाली तर नेक पॉलिशपेपरने घासलाय हे सांगायला मला काहीच वाटणार नाही, उलट गुण म्हणून सांगेन. बॉडीवर किल्ल्यांच्या जुडग्याने टवके पाडले असते, तर ते सांगताक्षणी टवक्यांचं मोल संपलं असतं. यावर कुणी म्हणेल, रेलिक घेणाऱ्याला सगळं माहीत असतं, मग फसलं कोण? फसतो तो समोर बसलेला ऐकणारा. त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं. नेल्सन गुडमनने १९६८च्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’मध्ये विचारलं होतं की अस्सल आणि नक्कल चित्रात डोळ्यांना आज फरकच दिसत नसेल तर काय बिघडतं. त्याचं म्हणणं, फरक आहे हे नुसतं ठाऊक असण्यानेही पुढचं पाहणं बदलतं. गिटारीला हे अर्धंच लागू होतं. डोळ्यांचं पाहणं बदलेल, अंगठ्याचं बदलत नाही.

पण मला खरा अडवला तो जीन्सने. जुनी दिसावी म्हणून कापडावर दाबाने वाळूचा मारा करायची पद्धत होती. तुर्कस्तानात हे काम करणाऱ्या तरुण कामगारांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ साचली, सिलिकोसिस झाला, काही मेले. २००९ साली तिथे या पद्धतीवर बंदी आली. गिटारींच्या कारखान्यात असं होतं, असं मला म्हणायचं नाही. पण झीज फुकट तयार होत नाही. वापरणाऱ्याने झिजायचं टाळलं तर ते काम दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जातं, आणि किंमतपट्टीवर त्याचं नाव नसतं. माझ्या नेकची भुकटी निदान माझ्याच मास्कवर बसली.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना जुनेपणाची ही ओढ का असते, याचाही थोडा अंदाज आहे. कोड झिजत नाही. तो जुना होतो, कालबाह्य होतो, एका दुपारी पुसला जातो, पण कुणाच्या हाताची खूण त्यावर राहत नाही. माझ्या सहा वर्षांच्या नोकरीची झीज दाखवायची तर कीबोर्डवरचं पुसट झालेलं एक अक्षर दाखवता येईल, आणि तो कीबोर्डही कंपनीचा.

नेक घासून आता आठ महिने झाले. पॉलियुरेथेनची गंमत अशी की हात फिरत राहिला की चरे बुजतात आणि चकाकी परत येते. कारखान्यातली नव्हे, तेलकट, ठिकठिकाणी. दिव्याखाली तिरपा धरला की दिसतं, पहिल्या तीन फ्रेटांमागे नेक चांगलाच चकाकतोय, कारण मी बसते तिथेच, त्याच चार-पाच कॉर्डांत. पाचव्याच्या आसपास थोडीशी झाक आहे. बाराव्यापलीकडे ८०० नंबरचा पॉलिशपेपर जसाच्या तसा आहे.