नाव देणे आणि नावे ठेवणे

पिंपळगाव राजाकडच्या आंब्यांवर बांडगूळ माजले की शेतकरी हळहळतो. पण त्याच बांडगुळावर एका देखण्या फुलपाखराचे सुरवंट पोसले जातात. हळदीकुंकू हे त्याचे मराठी नाव. पंख मिटून बसले की मागच्या पंखाची पिवळी हळद आणि कडेचे तांबडे ठिपके दिसतात, आणि नाव देणाऱ्याचे कौतुक वाटते.

इंग्रजीत याच जीवाला जेझेबेल म्हणतात, म्हणजे आपल्या बायबलमधील ईजबेल, अहाब राजाची राणी. तिने नाबोथाचा बळी घेतला आणि मरणापूर्वी डोळ्यांत काजळ घातले. शास्त्रीय नावात मात्र ‘युखारिस’ आहे; १७७३ साली ड्रूरी यांनी दिलेल्या या ग्रीक नावाचा अर्थ कृपावंत, मोहक. आपल्या युखारिस्तातही मूळ शब्द तोच. एकाच पाखराच्या माथी सौभाग्य, पाप आणि कृपा!

पाखराला विचारावे, तर त्याचा रंग भुलविण्यासाठी नाहीच. बांडगुळावर वाढल्याने ते पक्ष्यांना बेचव लागते, आणि ‘मला चाखू नका’ एवढेच तो रंग बजावतो. नटवी ठरवली गेली ती खरे तर इशारा देणारी होती. दक्षिण भारतात व श्रीलंकेत हुबेहूब याच रूपाचे दुसरे फुलपाखरू आहे. ते याची नक्कल करते असे मानतात. त्याचे शास्त्रीय नाव? सीता! लांबून सीता आणि ईजबेल वेगळ्या करता येत नाहीत. जाणकार जवळ जाऊन ठिपके पाहतो: हळदीकुंकवाचे टोकदार, सीतेचे चौकोनी.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर प्राण्यांना आदामापुढे आणतो, तो त्यांना कोणती नावे देतो हे पाहण्यासाठी. प्राणी समोर आला, मग नाव आले. हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. आपल्या भाषेत ‘नाव देणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत अंतर एका क्रियापदाचे, पण दुसऱ्यासाठी पाहण्याची गरजच उरत नाही. नवऱ्याने टाकलेली बाई केसांत फूल माळून मिस्साला आली की मागच्या बाकांवर तिचे वर्गीकरण उरकलेले असते.

सरकारनेही हेच केले. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची वाट मोकळी झाली. १९५२ मध्ये तो शिक्का कायद्याने पुसला गेला, तरी चोरी झाली की अनेक ठिकाणी पहिला संशय पारध्यांच्या पालावरच जातो. तितर आणि लाव्हे नुसत्या आवाजावरून ओळखणारी ही माणसे.