उचलीची यादी

दिवाळी झाली की आमच्या धारूरकडून ट्रॉल्या भरभरून माणसं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. कारखाना वाहतूकदाराला पैसे देतो, तो मुकादमाला, मुकादम कोयत्याला. ही उचल. काम सुरू व्हायच्या कितीतरी आधी दिलेली, बरीचशी तोंडच्या शब्दावर.

माझे मामा वाहतूकदार आहेत. मागे त्यांच्या एका मुकादमानं दोन ठिकाणची उचल घेतली आणि टोळी दुसरीकडे नेली. मामांचा ट्रॅक्टर दारात उभा, हप्ता चालू. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. गोदामं, ट्रक, माल कुठं पोचला, हेच माझं रोजचं काम. म्हटलं, हे तर सोपंय! सगळ्या कारखान्यांची आणि वाहतूकदारांची मिळून एकच यादी करायची. कुणी कुणाकडून किती उचल घेतली ते मोबाइलवर दिसेल.

मामा म्हणाले, “माझे मुकादम कोणते हे शेजारच्याला कशाला सांगू? उद्या जास्त पैसे देऊन फोडील.”

दुसऱ्याची यादी सगळ्यांनाच बघायचीय, आपली कुणालाच दाखवायची नाही. मला आधी हा अडाणीपणा वाटला. पण तसं नाही. ऊस तोडल्यावर ताशी वाळतो, साखर घटते. टोळ्या कमी पडल्या की गाळप अडतं. अशा धंद्यात कोणती टोळी आपल्या हातात आहे ही माहितीच भांडवल असते. पहिल्यांदा उघड करणारा बुडतो, मग पहिला कोण होणार?

गंमत म्हणजे हा सगळा कारभार ‘सहकारा’च्या अंगणातला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला कारखाना उभा केला, तेव्हा शेतकऱ्यांनी एकमेकांवर विश्वास टाकून भागभांडवल जमवलंच होतं. म्हणजे जमत नाही असं नाही. पण त्या विश्वासात ऊस पिकवणारा होता, तोडणारा सभासद नव्हता. आजही ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावेत असा १९६६ चा आदेश आहे. कोयत्याचा हिशोब मात्र हंगाम संपल्यावर होतो, आणि बऱ्याचदा अंगावर बाकीच निघते.

मामीनं लग्नानंतर सहा हंगाम ऊस तोडलाय. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, “तुझ्या यादीत आमचं देणं दिसंल. येणं दिसंल का?”

मी गप्प. माझ्या यादीत उचलीचा रकाना होता, तोडलेल्या टनांचा नव्हता. उचल फिटली नाही म्हणून एका ठिकाणी नाव लागलं की त्या जोडप्याला सगळीच दारं बंद. बाजूच्या कारखान्यालाही माणसं हवी आहेत, एवढाच काय तो त्यांच्या हातातला हुकमाचा पत्ता, आणि तो मी काढून घ्यायला निघालो होतो. मालक लोकांचं एकमेकांशी जमलं नाही, हे त्या दिवशी मला बरंच वाटलं. मामांचं नुकसान खरं असूनसुद्धा.

यादी व्हावी असं मला अजूनही वाटतं, पण सुरुवात टनांपासून. तसा रकाना करून मामांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि विचारलं, “हा भरणार कोण? काटा तर कारखान्याच्या गेटात आहे.”